यंदा बाप्पा जास्त

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या फाटकावर ‘यंदा बाप्पा जास्त’ असा जो फ्लेक्स लागला होता, त्यावरची ओळ माझ्या थोरल्या बहिणीची नव्हती. तशी ती माझीही नव्हती, पण लावली मी. बहिणीला त्या ओळीसाठी शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. एवढं आधीच सांगून टाकतो. सावकाश मुद्द्यावर यायला निघालो, की मी वाटेतच कुठेतरी उतरतो.

घरात आणि बाहेरही माझी ख्याती कमी बोलणारा अशी आहे. कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात, त्याचा फायदा मी जन्मभर घेतला. खरी गोष्ट अशी की मला भीती वाटते. समोरच्याला वाईट वाटेल असं काही सांगायची वेळ आली की मी ‘सांगतो’ म्हणतो आणि सांगत नाही. माझ्या बायकोला या शब्दाचा अर्थ लग्नानंतर लवकरच कळला. ‘हे ‘सांगतो’ म्हणाले का? मग तुम्हीच सांगून मोकळे व्हा,’ असं ती लोकांना परस्पर सुचवते. कंपन्यांचं एकेक घोषवाक्य असतं, तसं हे माझं.

घोषवाक्यांची मला तशी सवय आहे. माझ्या ऑफिसच्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत ‘लवकर अपयशी व्हा’ असं लिहिलेलं आहे. मी तिथे इतकी वर्षं काढली, मला मात्र ते सावकाश करू दिलं. शेजारी दुसऱ्या भिंतीवर ‘तुमचं संपूर्ण स्वत्व कामावर आणा’ असं आहे. मी डबा आणतो. हल्ली तर ही असली वाक्यं मराठीतसुद्धा फोनवर यायला लागली आहेत. गादीवाला म्हणतो, ‘आता झोपा मोठं.’ बिस्किटवाला म्हणतो, ‘आनंद फोडा.’ बँक म्हणते, ‘चला, स्वप्न करूया.’ असं कुणाच्या आईने कुणाला कधी म्हटलेलं नाही. पण बंगळुरात मराठी अक्षर मुळात दिसतंच कुठे? दिसलं की आम्ही कौतुकाने वाचतो. चुका काढायची चैन पुण्यात परवडते.

आता अक्का. मी तिला अक्का म्हणतो, ती मला तम्मा म्हणते. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. माझ्या पन्नाशीनंतरही त्यात फरक पडलेला नाही. आमचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या मागून घोड्यावरून इकडे आलं असं घरात सांगतात. घोडा कुणाचा होता ते सांगत नाहीत. तेव्हापासून आम्ही इथेच, आणि घरात मराठीच. फक्त तिच्यात कन्नड अशी मुरली आहे, की लोणच्यातलं मीठ जसं वेगळं काढता येत नाही, तशी तीही काढता येत नाही.

अक्काने जन्मभर शिवणाचे वर्ग चालवले. मंडळाच्या फाटकावरचं कापडी तोरण तीच करायची. तोरण म्हणजे लाल मांजरपाटाचा लांब पट्टा, त्यावर पिवळ्या अस्तराची कापून शिवलेली अक्षरं, आणि वरून शिरोरेघेची एक अखंड फीत. दर वर्षी नवी ओळ. पण अक्षरं नवी नाहीत! देवाच्या डोक्यावर लागलेलं अक्षर केरात टाकायचं नाही, असं आमच्या आईने ठरवलं होतं. त्यामुळे उत्सव झाला की अक्षरं उसवायची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि पुढच्या वर्षी त्यांतूनच ओळ जुळवायची. काने-मात्रा आणि वेलांट्या सुपारीच्या डबीत वेगळ्या. नवं अक्षर कापायला अक्का फारशी तयार नसे, कारण तो पिवळा रंग आता बाजारात मिळत नाही. एखादं कापावंच लागलं, तर ते जुन्यात उठून दिसतं आणि तिला वर्षभर टोचतं.

तर अशा डब्यातून निघणारी वाक्यं कशी असणार? एका वर्षी होतं, ‘आले गणपती, बघा.’ पुढच्या वर्षी, ‘बघा, गणपती आले.’ लोक म्हणाले, अक्काला यंदा वेळ मिळाला नाही वाटतं. मग एका वर्षी डब्याचं झाकण उघडं राहिलं आणि उंदराने नेमका ‘ण’ कुरतडला. ‘ण’शिवाय गणपती होत नाही. ‘अक्का, नवीन काप की,’ मी म्हटलं. ‘त्याचं वाहन, त्याची गाडी, त्याने खाल्लं. मी का कापू? त्यालाच विचार,’ असं म्हणून तिने त्या वर्षीपासून देवाचं नाव घालणंच बंद केलं. हे कारण बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, अक्काच्या मराठीची चालच तशी.

लहान असताना ते उसवायचं काम माझं होतं. अर्ध्या ब्लेडने टाके तोडायचे, अक्षराला धक्का लागू द्यायचा नाही. ‘हळू रे तम्मा, तो आपला शेवटचा ‘ग’ आहे,’ असं ती म्हणायची. पुढे मी नोकरीला लागलो, लग्न झालं, वेगळा राहायला गेलो. पुष्कळ वर्षं सणानंतरच्या रविवारी नेमाने जात होतो. मग अक्काचं आणि मंडळाचं येलहंका गेलं एकीकडे, ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सगळं बंगळूर. अलीकडे ती फोनवर विचारायची, ‘येतोस काय उसवायला?’ मी म्हणायचो, ‘सांगतो.’

आमच्या मंडळात तीन प्रकारची माणसं आहेत. एक आम्ही जुने, म्हणजे मी, अक्का आणि आमचे अध्यक्ष. अध्यक्ष अक्काच्याच वयाचे, जुन्या पेठेतले. दुसरे निपाणी-बेळगावकडचे. खजिनदार त्यांच्यातले, आनेकलला त्यांचं वर्कशॉप आहे. तिसरे पुण्या-मुंबईहून आयटीत आलेले. त्यांच्यातली एक पुण्याची मुलगी उपाध्यक्ष आहे आणि खरं मंडळ तीच चालवते. मी सेक्रेटरी, कारण कुणाचंही म्हणणं मी मोडत नाही.

फ्लेक्सच्या आदल्या वर्षी अक्काची ओळ होती, ‘या देवा, बसा स्वल्प.’ त्यातला ‘स्व’ मुळात ‘स्वागत’मधला. पुण्याची मुलगी ते वाचून खळखळून हसली होती. ‘देवाला बसा स्वल्प? म्हणजे चहा होईपर्यंत?’ कन्नडमध्ये आणि आमच्यात स्वल्प म्हणजे थोडंसं, हे तिला कुणीतरी नंतर सांगितलं, आणि बिचारी ओशाळली. अक्का मात्र हसली नाही की रागावली नाही. ‘हो, चहा होईपर्यंतच. पुढं त्यालाही दहा घरं आहेत,’ एवढंच म्हणाली.

गेल्या वर्षी मंडळाला पाण्याचे फिल्टर विकणारी एक कंपनी प्रायोजक मिळाली. अट एकच होती. फाटकावर त्यांचा छापील फ्लेक्स हवा, आणि त्यावर त्यांची इंग्रजी ओळ मराठीत. या शहरात रस्त्यावर फ्लेक्सला बंदी, म्हणून तो कल्याणमंटपाच्या, म्हणजे मंगल कार्यालयाच्या आवारात, आतल्या फाटकावर लावायचा ठरला. आतलं फाटक म्हणजे अक्काच्या तोरणाची जागा.

‘आणि अक्काचं कापड?’ अध्यक्षांनी विचारलं.

बैठकीत सगळे चहाच्या पेल्यात बघायला लागले.

‘त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे,’ खजिनदार म्हणाले. ‘गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, त्यात हे. मन दुखावंल की ओ.’

‘पण लाइन त्यांच्याचकडून घ्या हं काका,’ पुण्याची मुलगी मला म्हणाली. ‘कंपनीचं इंग्लिश त्यांना सांगा, त्या त्यांच्या पद्धतीने करून देतील. मागच्या वर्षी मी हसले ना, मला अजून इतकं गिल्टी वाटतं. आता त्या देतील ते मी जसंच्या तसं छापणार. एक काना बदलणार नाही.’

सगळे माझ्याकडे वळले. बहीण माझी.

‘सांगतो,’ मी म्हटलं.

सांगायला मी गेलोही. अक्का पलंगावर पाय लांब करून बसली होती, नवा गुडघा पांढऱ्या पट्टीत. मी चपला काढतोय तोवर तिने उशाखालून एक अभ्रा काढला. आत घडी घातलेलं तोरण होतं.

‘घे. झालं यंदाचं,’ ती म्हणाली. ‘मला काही यायला जमणार नाही पहिले दिवस. तू बांध. ताणून बांध, मागच्या वर्षी मधोमध झोळ पडला होता.’

‘अक्का, यंदा ते...’

‘काय यंदा?’

‘गुडघा कसा आहे?’

‘गुडघा चांगला आहे. मीच जुनी आहे त्याला,’ ती म्हणाली. ‘काय सांगत होतास?’

‘काही नाही. सांगतो.’

अभ्रा घेऊन मी खाली आलो आणि गाडीच्या डिक्कीत ठेवला, स्टेपनीच्या शेजारी. तो उघडला नाही. उघडला असता तर लावावासा वाटला असता, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. हे खरं नाही. मला त्यात काय आहे ते बघायची इच्छाच झाली नाही.

ओळ तर द्यायची होती. कंपनीची इंग्रजी ओळ माझ्याकडे होती. ‘या वर्षी, अधिक बाप्पा’ अशा अर्थाची, म्हणजे मुळातही तिला फारसा अर्थ नव्हताच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एका हातात चमचा धरून मी ती फोनला सांगितली आणि मराठी मागितलं. फोन म्हणाला, ‘यंदा बाप्पा जास्त.’ मी तेच पुण्याच्या मुलीला पाठवलं. तिचं लगेच उत्तर आलं, ‘वॉव काका. अक्का इज अक्का.’ तिथेच मला लिहिता आलं असतं की ही अक्का नव्हे. पण रस्समचा भात थंड होत होता.

फ्लेक्स लागला. पहिल्या सकाळी मी फाटकाजवळ उभा होतो आणि एकेक जण येऊन वर बघत होता. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, हे काय मराठी आहे?

खजिनदार आले. वर बघितलं, परत बघितलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘भारी हाय. आमच्याकडं असं म्हणत नाहीत. पण बंगळूरची जुनी मराठी अशीच असणार. चारशे वर्सांची, व्हय ना?’

‘हं,’ मी म्हटलं.

पुण्याची मुलगी आपल्या मैत्रिणींना समजावत होती, ‘हसू नका हं. ही इथली बोली आहे. दॅट इज हाउ दे स्पीक. किती क्यूट आहे, विशेषण शेवटी टाकतात.’ मैत्रिणी गंभीर होऊन माना डोलवत होत्या. एकीने फोटो काढताना डोक्यावर ओढणी घेतली.

मला खरी भीती अध्यक्षांची होती, कारण ते आमच्यातलेच. त्यांच्या घरात असं कुणी बोलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि मला बाजूला घेतलं. ‘अक्का बदलली रे,’ ते म्हणाले. ‘ह्या पुण्याच्या पोरांना आवडावं म्हणून त्यांचं नवीन मराठी लिहायला लागली. मला काही हे समजत नाही. पण तू तिला बोलू नकोस. ह्या वयात शिकली, तेच मोठं.’

अशा रीतीने तिन्ही प्रकारच्या माणसांनी ती ओळ दुसऱ्याची भाषा समजून तिला मान दिला. इतका मान आम्ही एकमेकांच्या खऱ्या बोलण्याला कधी दिला नव्हता. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुसऱ्या दिवसापर्यंत ती ओळ लोकांच्या तोंडात बसली. प्रसाद वाटताना बायका म्हणायला लागल्या, ‘यंदा साखर जास्त.’ कुणी उशिरा आलं की ‘यंदा ट्रॅफिक जास्त.’ आरतीत एक गृहस्थ वरच्या पट्टीत गेले, तर मागून आवाज आला, ‘यंदा सूर जास्त.’ पोरांनी फाटकाखाली नाचून व्हिडिओ केला. येलहंक्याच्या बाहेरचे, ओळखीचे ना पाळखीचे मराठी लोक फोटोसाठी यायला लागले. होसकोट्याहून एक कुटुंब मुद्दाम आलं. त्यांच्यातल्या आजोबांनी मला विचारलं, ‘ही ओळ लिहिणाऱ्या बाई कुठल्या शाळेत शिकवतात?’ घरी बायको पोळ्या वाढताना म्हणाली, ‘यंदा तुमचं बोलणं कमी.’ ते तर तिने नुसतंच म्हटलं असेल, पण मी दुसरी पोळी घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मुलीने जाहीर केलं की सातव्या दिवशी, विसर्जनाच्या दुपारी अक्काचा सत्कार करायचा. ‘काका, त्यांना आणायची जबाबदारी तुमची. सरप्राइज हं! काही सांगू नका.’

हे एक काम मला जमण्यासारखं होतं.

चार रात्री मी झोपलो नाही असं म्हणणार नाही. झोपलो, पण ती काही मोठी झोप नव्हती. मला सारखं एकच दिसत होतं. अक्का फाटकापाशी उतरते, मान वर करते, आणि तिथे तिचं तोरण नाही. मग लोक तिला तिची नसलेली ओळ ऐकवतात. आणि मग ती माझ्याकडे बघते. एवढंच. पुढचं दिसायच्या आत मी कूस बदलत होतो.

विसर्जनाच्या सकाळी मी मंटपातली शिडी काढली आणि फ्लेक्स सोडवायला चढलो. ‘वारं सुटलंय, फाटेल,’ असं सांगायचं ठरवलं होतं. पान हलत नव्हतं. एक दोरी सुटली, फ्लेक्सचा कोपरा माझ्या डोक्यावर पडला, आणि आत अंधारात मी दुसरी दोरी चाचपत असताना खालून आवाज आला.

‘काका! खाली या! काय करताय?’

‘ताणून बांधतोय,’ मी फ्लेक्सच्या आतून म्हटलं. ‘झोळ पडलाय.’

‘अय्या, किती प्रेमाने करताय बहिणीसाठी,’ पुण्याची मुलगी म्हणाली, आणि दोन माणसं पाठवून तिने तो फ्लेक्स आणखी चार ठिकाणी बांधून घेतला. आता तो वादळातही निघाला नसता.

अक्काला आणायला गाडी घेऊन जायचं माझं धाडस झालं नाही. ऑफिसचं काम निघालं असं सांगून मी तिला रिक्षाने यायला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी कसलं काम, हेही तिने विचारलं नाही. दुपारी रिक्षा फाटकाशी थांबली. अक्का काठी टेकत उतरली. मोतिया रंगाची रेशमी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. तिने मान वर केली. फ्लेक्स वाचला. कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, आपलं लाल कापड कुठे बाजूला तरी लावलंय का, बघितलं. मग तिने मला गर्दीत शोधलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी फुलांच्या हारामागे होतो.

‘अक्का, यंदा बाप्पा जास्त!’ सगळे एका सुरात ओरडले. तिला खुर्चीवर बसवलं. अध्यक्षांनी शाल घातली. खजिनदारांनी नारळ दिला. पुण्याच्या मुलीने माइक पुढे केला. ‘अक्का, ही लाइन सुचली कशी, सांगा ना.’

माझं सगळं अंग कान झालं. आता ती म्हणणार, ही माझी नाही. म्हणणार, माझं तोरण कुठाय. म्हणणार, तम्मा.

अक्काने माइक हनुवटीला लावला. ‘आमच्या आईच्या वेळेला,’ ती म्हणाली, ‘गल्लीत गणपती एकच असायचा. माणसं जास्त. एका देवाला पन्नास जण धरायचे. आता प्रत्येकाच्या फ्लॅटात एकेक देव आणि आरतीला माणूस नाही. नवरा तिकडं, मुलगा अमेरिकेत, देव बिचारा एकटा टीव्ही बघत बसतो. म्हणून लिहिलं. यंदा बाप्पा जास्त. पुढचं मी लिहिलं नाही, तुम्ही समजून घ्यायचं. माणसं कमी.’

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुण्याच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. अध्यक्ष मला म्हणाले, ‘आत्ता समजलं. उगीच नावं ठेवत होतो.’ मीही टाळ्या वाजवल्या. मला स्वतःलाच वाटायला लागलं, की फोनला हेच म्हणायचं असणार.

विसर्जनाची मंडळी तळ्याकाठच्या कुंडाकडे निघाली. अक्काला चालवणार नव्हतं, म्हणून मी तिला माझ्या गाडीत बसवलं. पाय लांब करता यावा म्हणून ती मागच्या सीटवर आडवी बसली, मांडीवर नारळ. मी पुढे, चावी हातात. मला ती फक्त आरशात दिसत होती. त्यामुळे जरा सोपं गेलं.

‘अक्का, एक सांगायचं आहे.’

‘‘सांगतो’ म्हणणार आहेस, की सांगणार आहेस?’

‘ती ओळ...’

‘तुझी आहे. माहीत आहे मला.’

मी मागे वळलो. ‘कधीपासून?’

‘दुसऱ्या दिवसापासून. त्या निपाणीवाल्या खजिनदाराची बायको प्रसाद घेऊन आली ना, तिने फोटो दाखवला. वा अक्का, वा अक्का म्हणाली. मी म्हटलं, मी तर असं लिहिलं नाही. मग माझ्या नावावर लिहिणारा दुसरा कोण?’

‘मग आज म्हणाली का नाहीस, की माझी नाही?’

‘चारचौघांत?’ अक्का म्हणाली. ‘काय म्हणू? की आमचा तम्मा एवढा शिकला, एवढ्या मोठ्या काचेच्या ऑफिसात जातो, आणि त्याला ‘जास्त’ कुठं घालायचं समजत नाही? आपल्या माणसाचं फाटकं दिसलं की वर आपला पदर टाकायचा. त्याला काय विचारायचं.’ तिने मांडीवरचा नारळ सावरला. ‘आणि खरं सांगू? वाचून आधी हसले. मग म्हटलं, जन्मात पहिल्यांदा हा आपणहून काहीतरी बोलला. वाकडं तर वाकडं. त्याला अर्थ आपण लावू. पाच दिवस पडल्यापडल्या तो अर्थ जुळवत होते मी.’

इथे थांबलो असतो तर मी फार चांगला ठरलो असतो. वाकडं का होईना, बोललेला भाऊ. तोंडात ‘सांगतो’ आलंही होतं.

‘अक्का, ती माझीपण नाही,’ मी म्हटलं. ‘फोनची आहे. जेवता जेवता फोनला विचारलं, त्याने दिली.’

आरशात ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले.

‘अय्यो देवा,’ ती म्हणाली. ‘म्हणजे ही शाल फोनला घालायची होती!’ आणि हसता हसता तिने नवा गुडघा धरला. ‘आणि मी त्या मेल्या यंत्राची लाज राखायला आईला मध्ये आणलं!’

मीही हसलो. बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं एका वेळी हसत होतो. म्हणून पुढचा प्रश्न मला येताना दिसला नाही.

‘सरी, बरं. ते झालं,’ डोळे पुसत ती म्हणाली. ‘माझं कापड कुठाय?’

‘डिक्कीत.’

‘सातही दिवस?’

‘हं.’

‘वाचलंस?’

मी हातातली चावी बघायला लागलो. ती हसायची थांबली. तेवढं एकच तिला लागलं. तोरण लावलं नाही, खोटं नाव सांगितलं, ते सगळं तिने पदराखाली घेतलं होतं. पण मी घडीसुद्धा उलगडली नव्हती, यावर टाकायला तिच्याकडे काही नव्हतं.

मी उतरलो, डिक्की उघडली आणि अभ्रा तिच्या मांडीवर आणून ठेवला. ‘तूच काढ,’ ती म्हणाली. मी तोरण बाहेर काढलं आणि दोन्ही हातांनी ताणून धरलं. एवढा लांब लाल पट्टा, पण त्यावर तीनच अक्षरं शिवलेली. बाकीच्या जागी उसवलेल्या टाक्यांची भोकं आणि गेल्या वर्षीच्या ‘देवा’चा आणि ‘स्वल्प’चा न विटलेला लाल ठसा.

‘या. बसा.’

‘यंदा अक्षरं कमी,’ अक्का म्हणाली.

मग तिनेच सांगितलं. ‘झोपून शिवता येत नाही. उसवता येतं. तू येशील म्हणून वाट बघितली, मग म्हटलं, जेवढं जमेल तेवढं काढावं. एकेक काढत गेले. ‘स्वल्प’ काढलं, कशाला बाई, लोक हसतात. ‘देवा’ काढलं. तो आला की त्याला कळतंच. काढता काढता एवढं राहिलं, आणि मला वाटलं, हेच बरं आहे. ह्याच्यापेक्षा जास्त कोण काय म्हणतं घरी आलेल्याला?’

‘आत्ता लावू या?’ मी म्हटलं. ‘पाच मिनिटांत लावतो. शिडी तिथेच आहे.’

‘कुणासाठी?’ तळ्याकडून ढोलाचा आवाज येत होता. ‘निघाला की तो. जाणाऱ्याला ‘या, बसा’ म्हणतात काय?’

तिने ते कापड माझ्या हातातून घेतलं, मांडीवर पसरून घडी घातली, अक्षरांवर दुमड येणार नाही अशी. मग निकाल दिला. तोरण पुढच्या वर्षी हेच लागेल, एक टाका न बदलता. त्याच्या आधी तिच्या डब्यातली सगळी अक्षरं मी उन्हात घालायची. उंदराने खाल्लेल्या ‘ण’च्या जागी नवा ‘ण’ मी कापायचा, तिच्यासमोर बसून, आणि तो कितीही वाकडा आला तरी ठेवायचा. तो फ्लेक्स तिच्या गच्चीवर आणून द्यायचा, पावसात कपडे वाळायला आडोसा लागतो. ते काम मी दुसऱ्याच दिवशी केलं. सध्या शेजारच्या इमारतीतून त्यावरचं फक्त ‘जास्त’ दिसतं.

‘आणि मंडळात सांगायचं,’ ती म्हणाली. ‘सगळ्यांना. त्या पुण्याच्या पोरीला आधी. माझी शाल मी परत देणार नाही, भाषण माझं होतं. पण ओळ कुणाची ते कळायला पाहिजे. नाहीतर लोक ती पुढं आमच्या बोलीत धरतील.’

‘सांगतो,’ मी म्हटलं.

‘सांगतो नको. सांग.’

‘अक्का, तोंडाने नाही जमणार मला. तुला माहीत आहे. लिहून चालेल?’

तिने आरशातून मला निरखलं. ‘लिही,’ ती म्हणाली. ‘पण त्या फोनला सांगू नकोस लिहायला.’

हे मी हाताने लिहिलं आहे. यातली काही वाक्यं विचित्र वाटतील. ती माझी आहेत.